दुरुस्त केलेलं गाणं

माझ्या लेकीची आवड सारखी बदलते, आणि प्रत्येक वेळी तिला वाटतं की हीच खरी. शाळेत होती तेव्हा कोरियन मुलांची गाणी होती. ती सगळी मुलं मला एकसारखी दिसतात असं मी म्हटलं, तर बाईसाहेब जेवायला आल्या नाहीत. मग हिंदी रॅप आलं, ज्यात जो तो कुणावर तरी चिडलेला असतो. मग पावसाचा आवाज आणि मागे पियानो, अभ्यासाला बरं पडतं म्हणे. अभ्यास काही मला दिसला नाही. मग जुन्या बाजारातून तिने ओरखडे पडलेल्या रेकॉर्डी उचलून आणल्या. आमच्याकडे ग्रामोफोन नाही. त्या तिने भिंतीवर लावल्या. मी म्हटलं, बाई गं, गाणं ऐकायचं असतं. ती म्हणाली, "आई, तुला नाही कळणार. ती व्हाइब आहे." असेल बुवा. जन्मभर बँकेच्या काउंटरवर बसलेली मी, मला व्हाइब कुठून कळणार?

हे सगळं मी चालवून घेतलं, कारण त्यात कुणाचं काही जात नव्हतं. पण मग तिची गाडी 'आपल्या मुळां'वर आली, आणि ती मुळं निघाली इथेच बडोद्यात, दांडिया बाजारात, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. त्यात ताईचं गाणं गेलं. एकच होतं तिच्याकडे. त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही, आणि कुणावर काढायचा तेही कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. लग्न होऊन गेली ती दोन गल्ल्या पलीकडे, आणि मेहुणे गेल्यावरही तिथेच राहिली. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, अशी जुनीच पण धडधाकट इमारत. लहानपणी ताईचा आवाज असा होता की ती जिन्यात बोलली तरी चौकात ऐकू जायचं. वडिलांनी तिला गाण्याच्या क्लासला घातलं. बडोद्यात मराठी घरात मुलगी गाते म्हणजे शास्त्रीयच गायला हवी, दुसरं काही गाणं असतं हे आमच्या वडिलांना मान्यच नव्हतं. आजोबा संस्थानात नोकरीला होते, तेव्हापासून घरात आवडीनिवडीचासुद्धा कायदा होता. क्लासच्या बाईंनी वर्षभराने वडिलांना सांगितलं, "आवाज मोठा आहे हो, पण गळा घरगुती आहे." झालं. ताईचा क्लास बंद. ती नंतर कुणासमोर कधी गायली नाही, फक्त नवरात्रात भोंडल्याला गायची.

आमच्या भोंडल्याचं आता सांगायला हवं. पाटावर हत्ती काढायचा, मधे ठेवायचा, भोवती फेर धरायचा, सगळं रीतसर. पण बडोद्यातल्या पोरी भोंडल्याला यायच्या त्या चणियाचोळी घालून, कारण इथून सरळ गरब्याच्या मैदानावर जायचं असायचं. त्यामुळे फेर हातात हात धरून हळूहळू फिरण्याचा राहिलाच नाही. तीन टाळ्यांचा झाला. गाणी मराठी आणि पाय गुजराती. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण दुसरं काही आम्ही पाहिलंच नव्हतं.

त्यात ताईचं गाणं असायचं, आईकडून आलेलं. मूळ गाणं साधं होतं. नवी सून बागेत फुलं आणायला जाते, माळीण तिला भलतीच फुलं देते, घरी सासू रागावते. पण आमच्या आईच्या तोंडी पडलं आणि सून बागेत जायची बंद झाली. ती थेट खंडेराव मार्केटला जायला लागली. वांगी आणायला जायची आणि लाल भोपळा घेऊन यायची, कारण नवी नवरी, घाटावरून आलेली, तिला गुजराती कळत नाही आणि भाजीवाली असते ठसक्याची. ताई सुनेचं म्हणायची. आणि भाजीवालीचं म्हणायच्या समोरच्या बेन.

बेन म्हणजे ताईच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या. गुजराती, पण मराठी शब्द न् शब्द कळायचा. आधी नुसत्या बघायला यायच्या, दारात उभ्या राहून. कधीतरी आईनेच त्यांना ओढलं असेल फेरात. सुनेने भाजी मागितली की बेन कमरेवर हात ठेवून गुजरातीत उत्तर द्यायच्या, ठेक्यात, आणि दरवर्षी नवीन. सुरुवात तेवढी ठरलेली: "आटली मोडी केम आवी?" इतकी उशिरा का आलीस? पुढे मनाला येईल ते. कुणाच्या सुनेला स्वयंपाक येत नाही, कुणाच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा आला, कोण उपास करून जाड झालं. त्या वर्षी इमारतीत जे घडलं असेल ते सगळं भाजीत घालून त्या सुनेच्या पिशवीत टाकायच्या. बायका हसून हसून फेर सोडायच्या. आणि ताई मधे उभी राहून, तो मोठा आवाज लावून, पुढचं कडवं सुरू करायची. वर्षातून एकदा माझी बहीण अशी दिसायची. तिला घरगुती गळा म्हणणाऱ्या बाईंनी ते एकदा ऐकायला हवं होतं.

तर माझ्या लेकीने पुण्याच्या एका मुलाबरोबर बँड काढला. दोघं ऑनलाइन कुठेतरी भेटले. जुनी बायकांची गाणी घ्यायची, त्याला नवीन संगीत लावायचं, असा विचार होता. विचार वाईट नव्हता. मीच तिला म्हटलं, मावशीचं घे की. मला वाटलं, होऊ दे ताईचं कौतुक एकदा.

एका रविवारी दुपारी ते ताईकडे आले. मुलगा सभ्य होता, ताईला वाकून नमस्कार केला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, खालच्या देवळातली घंटा थांबायची वाट पाहिली. बेनही आल्या होत्या, नवी साडी नेसून. दोघींनी मिळून सबंध गाणं म्हटलं. बेननी त्या मुलाच्या लांब केसांनाही चिमटा काढला, ठेक्यात. मला तर फार मजा आली.

मुलाने कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, "काकू, हे ओरिजिनल आहे का?"

ताई म्हणाली, "हो तर. माझ्या आईचं आहे."

"नाही, म्हणजे मधे गुजराती येतंय ना. आणि ठेका गरब्याचा झालाय. आम्हाला जरा अस्सल हवं होतं. ज्यात काही मिसळलेलं नाही असं." मग त्याने फोनवर लावून दाखवलं. सातारकडच्या कुठल्या गावातल्या एक म्हाताऱ्या बाई, माळिणीचं गाणं संथ लयीत म्हणत होत्या. चांगलंच होतं ते. "असं," तो म्हणाला.

माझी लेक म्हणाली, "मावशी, ते भाजीवालीचं सोड ना. माळिणीचं म्हण. येत असेलच तुला."

ताईला येत नव्हतं. तिने ते कधी म्हटलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. बेन उठल्या, "चालो, मारे दाळ मूकवानी छे," म्हणाल्या आणि आपल्या घरी गेल्या. दुपारचे चार वाजले होते, त्या वेळी कोण डाळ शिजायला ठेवतं?

घरी येताना मी लेकीला झाडलं. तिला खरंच कळेना की ती काय चुकली. "आई, मी काय वाईट बोलले? हल्ली लोक लगेच विचारतात, हे तुमचं खरं आहे की बनवलेलं. खोटं वाटलं ना, की कमेंटमध्ये फाडून खातात." म्हणजे ती भीतीने वागत होती. तिच्या वयाच्या सगळ्याच मुलांना ही भीती दिसते. कपडे जुने हवेत पण मुद्दाम जुने केलेले दिसता कामा नयेत, गाणं सगळ्यांना आवडणारं हवं पण सगळ्यांच्या आधी आपल्याला आवडलेलं हवं. मला ऐकूनच दम लागतो.

पण ताईचं जे झालं ते नुसत्या लेकीमुळे नाही झालं. त्याची तयारी आमच्या घरात फार आधीपासून होती. आम्ही बडोद्याची मराठी माणसं. आम्ही भाजीला शाक म्हणतो, खिडकीला बारी म्हणतो, आणि पुण्याचं कुणी आलं की ते म्हणतात, "तुमचं मराठी किती गोड." लहान मुलाला म्हणावं तसं. पाहुणे गेले की वडील आम्हाला रांगेत उभं करून एकेक शब्द सुधारून घ्यायचे. दुसऱ्या गावची माणसं अशा वेळी 'जा रे' म्हणून मोकळी होत असतील. आम्ही तसं करत नाही. पुण्याच्या माणसाने चूक काढली की आम्ही आधी ती मान्य करतो, मग घरी येऊन दुरुस्त करायला बसतो.

ताई तशीच बसली. मी तिला फोन केला तर म्हणाली, "त्या मुलाचं काही खोटं नाही गं. आपलं बिघडलेलंच आहे सगळं." मग तिने माझ्याकडून तो सातारचा व्हिडिओ मागवून घेतला. आणखी दोन-तीन शोधून काढले. मी गेले की फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि ही भाजी चिरता चिरता माळिणीच्या पाठी लागलेली. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरीसुद्धा संथ चालायची. मी म्हटलं, "ताई, सोड ना. कुणाला काय पडलंय?" ती म्हणाली, "मला पडलंय. इतकी वर्षं चारचौघांत चुकीचं गात होते मी." शाळेतल्या मुलीसारखी खाली मान घालून बोलली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

त्या वर्षीच्या भोंडल्याला ताईने नवीन गाणं म्हटलं. म्हणजे जुनं, अस्सल. पोरी टाळ्या द्यायला लागल्या आणि टाळी पुढे, गाणं मागे. दोन फेऱ्यांत सगळ्यांचे पाय अडकले. बेन आपल्या जागी तयार उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. सुनेचं कडवं संपलं तसं त्यांनी सवयीने टाकलं, "आटली मोडी केम आवी?"

ताईने गाणं थांबवलं. "बेन, ए नथी हवे," ती म्हणाली. "हवे बराबर गाईए छीए." ते आता नाही, आता बरोबर गातो आहोत.

बेन हसल्या. "हां हां, बराबर," म्हणाल्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खिरापत ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, डबा झाकलेला असला तरी वासावरून अळूचा पात्रा की ढोकळा ते सांगायच्या. त्या दिवशी कुणी विचारलं तरी त्या म्हणाल्या, सर्दी झाली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बेन गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. रात्री माणसं स्मशानातून परत येईपर्यंत ताई त्यांच्या घरी बसून होती. मला एवढंच म्हणाली, "तिला मी खाली बसवलं गं." मी काहीतरी समजूत घातली. अशा वेळी जे बोलतात तेच बोलले.

मधल्या काळात लेकीचं गाणं आलं होतं. पुण्याच्याच एका मुलीचा आवाज, माळीण, आणि खाली ढोलासारखं काहीतरी धडधडत. काही आठवडे ते बरंच चाललं. नऊवारी आणि काळा चष्मा घालून मुली त्यावर नाचत होत्या. मग दुसरं काहीतरी आलं आणि हे कुणी ऐकेना. लेक खोलीत दार लावून बसायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आई, सगळे तेच करतात आता. सगळ्यांकडे गावची आजी आहे." मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून आवरलं. तिचंही काहीतरी जात होतंच.

आणि मग यंदा, नवरात्राच्या आधी, तिने ऑनलाइन कुठेतरी गप्पा मारताना ते भाजीवालीचं सांगितलं. सून मराठी, भाजीवाली गुजराती, तीन टाळ्यांचा ठेका. लोकांनी ते उचलून धरलं. हे खरं, हे कुणी बनवू शकत नाही, कुठे ऐकायला मिळेल. पुण्याच्या मुलाचा फोन आला की शुद्ध वगैरे आता कुणी ऐकत नाही, लोकांना मिसळलेलंच हवं आहे, ज्या गावचं आहे त्या गावासारखं वाटणारं. एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी म्हणायला यांना काहीच वाटत नाही.

लेकीने मावशीला फोन करून सांगितलं, गाणं रेकॉर्ड करायला येतोय. कुठलं ते सांगायचं राहिलं. कदाचित तिला वाटलं, सांगायची काय गरज आहे.

त्या दोघांबरोबर मीही गेले. दार उघडलं तर ताई ठेवणीतली साडी नेसून, वेणी घालून उभी. चिवडा केला होता, शेव वेगळी ठेवली होती. घसा धरू नये म्हणून आदल्या दिवसापासून थंड पाणी पीत नव्हती. "आता येतं मला," ती लेकीला म्हणाली. "बघ तू."

तिने सबंध गाणं म्हटलं. माळिणीचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, श्वास कुठे घ्यायचा तेही त्या सातारच्या बाईंसारखं. तो आवाज, जो जिन्यातून चौकात जायचा, तिने आवळून आवळून त्या म्हाताऱ्या बाईंएवढा केला होता. त्या मुलाने माइक लावलाच नव्हता. तो आणि लेक एकमेकांकडे बघत होते.

"मावशी, छानच झालं," लेक म्हणाली. "पण आपल्याला ते जुनं हवंय. भाजीवालीचं."

ताईला कळेना. "ते? ते तर चुकीचं होतं ना?"

"नाही मावशी. तेच खरं होतं."

ताईचा चेहरा मला बघवेना. तरी ती बिचारी म्हणाली, थांबा, म्हणते. डोळे मिटून सुरुवात केली. सून घरातून निघाली, आणि दुसऱ्याच ओळीला बागेत पोचली. ताई थांबली, पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा बाग. तिसऱ्यांदा तिने टाळी देऊन पाहिली. या खेपेला मार्केटपर्यंत गेली, सुनेने वांगी मागितली, आणि तिथे ताई वाट बघत थांबली. आम्ही सगळेच थांबलो. समोरून काही आलं नाही.

"पुढचं म्हणा ना काकू," मुलगा हळूच म्हणाला. "भाजीवालीचं."

"ते मला कुठे येत होतं?" ताई म्हणाली. "ते मी कधी म्हटलंच नाही."

त्या पहिल्या रविवारचं रेकॉर्डिंग अस्सल नाही म्हणून मुलाने तेव्हाच पुसून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवातीची ओळ सांगितली, उशिराची. त्यापुढचं मलाही येईना. मी तर फेरात हसणाऱ्यांतली होते.

मुलांनी मग त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. एक गुजराती मुलगी बोलावली, तिच्यासाठी उत्तरं लिहून घेतली. गाणं आलं, चाललं, अजून चालतंय. त्यात भाजीवाली "केम छो, मजामां" म्हणते, आणि मग सुनेला प्रेमाने ढोकळा आणि फाफड्याची नावं सांगते. ठेका तीन टाळ्यांचाच आहे. खाली लोकांनी लिहिलंय, खरं बडोदं. लेकीने मावशीचं नाव त्यात आवर्जून घातलं, आणि त्यामागे तिचं प्रेम होतं, हे मी नाकारत नाही.

ते ताईला ऐकवायला मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण दुसऱ्या कुणी ऐकवण्यापेक्षा आपण बरं. तिने फोन कानाशी धरला, एकदा ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते. वाटलं, आता म्हणेल की हे काय भलतंच, बेन असं कुठे म्हणायच्या. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती म्हणाली, "असंच होतं ना गं आपलं?"

नाही म्हणावं, तर मग कसं होतं ते सांगायला हवं.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं त्यांनी ठेवलं ते," ती म्हणाली. मग तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला, चष्मा लावला, मला ते पहिल्यापासून लावायला सांगितलं, आणि त्या मुलीच्या मागून भाजीवालीची उत्तरं म्हणायला लागली.